डावा अंगठा

“परत कर.”

साहेबाने कागद पुन्हा माझ्यापुढे सरकवला. त्या कागदावर माझ्या नावाच्या पाच-सहा सह्या आधीच पडल्या होत्या आणि एकीचं दुसरीशी पटत नव्हतं. मी उजव्या हाताच्या उरलेल्या दोन बोटांनी कागद दाबून धरला, डाव्या हातात पेन घेतलं आणि परत केली. पेन घसरलं. आडनावाचा शेवटचा काना खालच्या ओळीत जाऊन पडला.

साहेब म्हणजे पंचविशीतला पोरगा. गळ्यात पट्टा, पट्ट्याला त्याचा फोटो. समोरच्या कॉम्प्युटरवर त्याने माझी जुनी सही काढली होती. एकदा तिच्याकडे बघायचा, एकदा माझ्या कागदाकडे.

“ही सही म्हणायची की कोंबडीचे पाय?”

मागे रांग होती. रांगेतले तीन-चार जण हसले. बाकीच्यांनी मान खाली घातली. हसणाऱ्यांपेक्षा ह्या मान खाली घालणाऱ्यांचा मला जास्त राग आला.

“साहेब, उजवा हात गेलाय. डाव्याने अशीच येते.”

“ते मला दिसतंय. कॉम्प्युटरला दिसत नाही.”

“मग अंगठा घ्या. डावा शाबूत आहे.”

“खातं सहीचं आहे तुझं. अंगठ्याचं नाही. रेकॉर्डला तू शिकलेला आहेस.”

मी पन्नाशीला आलेला माणूस. माझ्या आधीचं गिऱ्हाईक गाडीची किल्ली बोटात फिरवत उभं होतं, त्याला हाच पोरगा “सर, बसा ना” म्हणाला होता. मला अरे-तुरे. शेजारच्या टेबलावरच्या माणसाला तो हळूच म्हणाला, “आपले एकलव्य आलेत परत.” हळू म्हणाला, पण मला ऐकू येईल इतपतच हळू. मग माझा कागद चुरगळून टोपलीत टाकला आणि वर म्हणाला,

“एवढी काय घाई आहे? सरकारचा फुकटचा पैसा. तुझ्या खिशातून थोडाच गेलाय?”

फुकटचा.

अंबडच्या त्या बँकेतून बाहेर आलो. उन्हात उभा राहिलो. बँकेतल्या गारव्याने अंगावर आलेला काटा अजून तसाच होता. ‘फुकटचा’ हा शब्द मी घरापर्यंत चघळत गेलो. रिक्षाला पैसे नव्हते, त्यामुळे चघळायला वेळही बराच मिळाला.

माझा बाप पेठ तालुक्याच्या वरच्या अंगाचा. डोंगरातला. पावसाळ्यात भात आणि नागली, आणि पीक घरात आलं की बिऱ्हाड पाठीवर घेऊन दिंडोरीकडे द्राक्षाच्या बागांत. जाण्याआधी मुकादम गावात यायचा. उचल द्यायचा, म्हणजे कामाआधीच थोडे पैसे. उचल घेतली की बापाने कागदावर अंगठा लावायचा. अंगठा लावला की उचल फिटेपर्यंत बाग सोडायची नाही. ती कधी फिटायची हे मुकादमालाच ठाऊक. बापाच्या अंगठ्यावरची जांभळी शाई कितीतरी दिवस जायची नाही. त्याच हाताने तो आम्हाला भाकर मोडून द्यायचा.

मी आश्रमशाळेत गेलो. तिथल्या जेवणात अळ्या असायच्या, पण मास्तर चांगला भेटला. त्याने सगळ्यात आधी सही शिकवली. म्हणाला, “अंगठा लावणाऱ्याला कागद वाचून दाखवत नाहीत. सही करणाऱ्याला जरा भितात.” मी पाटीवर, मातीवर, झाडाच्या पानावर सही केली. आडनावाखाली एक लांब रेघ आणि रेघेवर दोन टिंबं. आमच्या घरात सही करणारा मी पहिला. दहावी झालो तेव्हा बापाने माझी सही हातात धरून उलटी-सुलटी करून पाहिली. त्याला वाचता येत नव्हतं. तरी बराच वेळ पाहिली.

ती सही आता बँकेच्या कॉम्प्युटरात आहे. माझ्या हातात नाही.

अंबडच्या एका कारखान्यात मी प्रेस मशीनवर होतो. पत्रा ठेवायचा, मशीनचा घण खाली येतो, पत्र्याचा पार्ट होतो. कंपनीची भिंत, कंपनीचं मशीन, पण आम्ही ठेकेदाराचे. एक दिवस गेटवर मंडप टाकून बँकेची पोरं बसली. ठेकेदाराच्या सुपरवायझरने आम्हाला रांगेत उभं केलं. पगाराचं खातं उघडायचं. आधार घेतलं, फोटो घेतला, सह्या घेतल्या. “झिरो बॅलन्स आहे, काही ठेवावं लागत नाही,” ती पोरं सांगत होती. माझ्या पुढच्या-मागच्यांनी वाकड्यातिकड्या सह्या केल्या. मी मात्र रेघ मारली, टिंबं दिली. बँकेचा पोरगा म्हणाला, “वा, अक्षर भारी आहे काका.” मला बरं वाटलं. माणूस किती थोडक्यावर फसतो.

एटीएमची कार्डं आली ती आमच्या हातात आलीच नाहीत. सुपरवायझर सगळ्यांची कार्डं रबर लावून खिशात ठेवायचा. प्रत्येक कार्डावर पांढरी पट्टी, पट्टीवर नाव आणि पिन. पगाराच्या दिवशी तोच पैसे काढायचा, आपलं काढून घ्यायचा आणि उरलेले आमच्या हातावर ठेवायचा. सगळ्या ठेक्यांवर हीच पद्धत. कार्ड मागणारा दुसऱ्या दिवशी गेटच्या बाहेर.

मशीनचंही तसंच. प्रेसला दोन बटनं असतात. दोन्ही हातांनी दोन्ही बटनं दाबली तरच घण खाली यावा, म्हणजे हात आत राहू नयेत, अशी ती सोय. पण दोन हात बटनावर गेले तर पत्रा लावायला वेळ जातो आणि माल कमी निघतो. म्हणून एका बटनात आइस्क्रीमची काडी खोचलेली असायची. बटन दाबलेलंच राहतं. एक हात मोकळा. तपासणीचा साहेब येणार असला की सकाळी सुपरवायझर स्वतः फिरून काड्या काढायचा. साहेब गेला की परत खोचायचा. काड्यांचा एक डबाच होता त्याच्याकडे.

त्या दिवशी माझा मोकळा हात आत होता. अंगठा आणि शेजारची दोन बोटं. आवाज फार झाला नाही. पत्र्याचा होतो तेवढाच झाला.

दवाखान्यात सुपरवायझर सफरचंदं घेऊन आला. बरोबर एक कागद आणि शाईची डबी. माझ्या उजव्या हाताला हे एवढं मोठं बँडेज. डोकं औषधाने जड. “उपचाराचा कागद आहे. बिल ठेकेदार भरतोय. अंगठा लाव.” मी म्हणालो, वाचू दे. तो म्हणाला, “आत्ता काय वाचतोस, झोप.” आणि त्यानेच माझा डावा अंगठा धरला, शाईत बुडवला आणि कागदावर दाबला. लहान पोराचा हात धरून पाटीवर गिरवून घेतात तसा. आयुष्यात पहिल्यांदा मी अंगठा लावला. सफरचंदं मात्र गोड होती.

पुढे नुकसानभरपाई मागायला गेटवर गेलो तेव्हा तो कागद माझ्या तोंडावर वाचून दाखवला. काडी मी स्वतः खोचली होती म्हणे. माझ्याच निष्काळजीपणाने हात गेला. मला सगळं मिळालं. माझी कोणाविरुद्ध काही तक्रार नाही. खाली माझा डावा अंगठा, अगदी ठळक. वाचायला येणाऱ्या माणसाचा न वाचलेला कागद. गेटवर सुपरवायझर होता. मी त्याला विचारलं, “काडी कोणी लावली, तू सांग.” तो म्हणाला, “मशीनचं काम आहे बाबा. माणूस काय करणार?” त्यानंतर तो दुसऱ्या ठेक्यावर सातपूरला गेला. रबर लावलेली कार्डंही त्याच्याबरोबर गेली.

काम गेलं. पगार बंद झाला. आणि पगार बंद झाला तसं ते खातंही बदललं, हे मला कोणी सांगितलं नाही. पगाराचं खातं साधं झालं आणि साध्या खात्यात शिल्लक ठेवावी लागते. माझ्या घरात पीठ शिल्लक राहत नव्हतं, खात्यात कुठून राहणार? शिल्लक नाही म्हणून दंड. दंड भरायला पैसे नाहीत म्हणून तो साठत राहिला, मी न उघडलेल्या एका दाराच्या मागे, गुपचूप.

माझी बायको यमुना त्याच भागात एका कारखान्यात पॅकिंगला जाते. तिनेच खाडे पाडून माझी दिव्यांगांची पेन्शन मंजूर करून आणली. आमच्याकडे तिला पेन्शन म्हणत नाहीत, पगारच म्हणतात. “तुमचा पगार चालू व्हनार हाय,” असं तिने सांगितलं तेव्हा ती हसत होती. तोपर्यंत माझी अवस्था अशी होती की बाहेर जायचं झालं तर ती न बोलता फळीवर दोन-तीन नाणी ठेवायची. मी न बोलता उचलायचो. तिने कधी तोंडाने सांगितलं नाही, मी कधी मागितलं नाही. ती नाणी उचलताना माझे दोन्ही हात गेल्यासारखे वाटायचे. घरात माझ्या नावाने येणार होता तो एवढा एकच पैसा. तो कितीही थोडा असो, मला तो हवा होता. फळीवर नाणी ठेवणारा हात माझाही असावा, एवढंच.

अर्जावर आम्ही पोस्टाचं खातं लिहिलं होतं. पोस्टात काहीच येईना. यमुना दर महिन्याला विचारून यायची. शेवटी कोणीतरी आधारवर बघून सांगितलं, पैसे येतायत की. पण पैसा अर्जावरच्या खात्यात जात नाही, आधार जिथे जोडलंय तिथे जातो. माझं आधार कुठे जोडलं होतं? कंपनीच्या गेटवरच्या त्या मंडपात.

असा मी बँकेत गेलो. साहेबाने सांगितलं, पैसे आले होते, दंडात गेले. अजून येतात, अजून जातात. दंड जेवून उठला की ताटात जे खरकटं उरतं ते माझं, पण तेही सही जुळल्याशिवाय मिळणार नाही. कार्डाची मुदत संपली. नवीन कार्डाला सही लागते. मग खातं बंद करा म्हणालो. बंद करायला सही लागते. सही बदलून द्या म्हणालो.

“सही बदलायची असेल तर अर्ज दे.”

“देतो.”

“अर्जावर जुनी सही लागेल.”

मी त्याच्या तोंडाकडे बघितलं. तो चेष्टा करत नव्हता. हे मला जास्त भयंकर वाटलं.

दुसऱ्या बँकेत आधार जोडा, असं सगळे शहाणे सांगतात. आम्हीही शहाणे आहोत, गेलो होतो. तिथल्या मशीनवर डाव्या हाताची बोटं ठेवली. इतकी वर्षं पत्रा आणि तेल. रेषा झिजून गुळगुळीत झालेल्या. लाल दिवा. आधार केंद्रात बोटं नवी करून आणा म्हणाले. केंद्रात गेलो तर म्हणाले, सध्या मशीन बंद आहे, पुढच्या आठवड्यात या. पुढच्या आठवड्यात मशीन चालू होतं, तर लाईट गेलेली. आणि समजा जोडलंच, तरी मागचं सगळं इथेच अडकणार होतं.

आमच्या ओढ्यात बाप मासे धरायला बांबूचा पिंजरा लावायचा. त्याच्या तोंडाच्या काड्या आतल्या बाजूला वळलेल्या असतात. मासा सरळ आत शिरतो. परत फिरला की त्याच काड्या त्याला टोचतात. लहानपणी मला वाटायचं, मासा बावळट. बँकेच्या पायरीवर बसून मी त्या माशाची मनातल्या मनात माफी मागितली.

“कोण कापतं माझे पैसे?” एकदा मी साहेबाला सरळ विचारलं.

“सिस्टीम. आमच्या हातात नसतं ते.”

तिथे मशीन, इथे सिस्टीम. माणूस कुठेच सापडत नव्हता. सापडायचा तो फक्त हसायला.

तहसील कचेरीत यमुनाने अर्ज दिला. तिथला क्लार्क फायलीतून मान वर न काढता म्हणाला, “निराधार-दिव्यांगांच्या पैशातून बँकेने आपली वसुली करायची नसते. तसं सांगितलेलं आहे वरून.” यमुना म्हणाली, “मंग बँकेला सांगा ना, दादा.” तो म्हणाला, “पत्र देऊ.” ‘देऊ’ म्हणजे काय ते आम्हाला माहीत होतं. पण तो माणूस बरा निघाला. पत्र खरंच गेलं.

कारण एक दिवस बँकेतून फोन आला. “काका, या ना जरा. तुमचं मॅटर संपवून टाकू.”

काका. या ना.

यमुनाने सुट्टी टाकली. मी इस्त्रीचा शर्ट घातला. बँकेत शिरलो तर तोच पोरगा उठून उभा राहिला. आम्हाला काचेच्या केबिनमध्ये बसवलं. चहा आला. यमुना खुर्चीच्या अगदी कडेला बसली होती, खुर्ची तिला बिल लावेल अशा बेताने. साहेबाने एक छापलेला कागद पुढे केला.

“अर्धा दंड आम्ही माफ करतोय. तुमच्यासाठी स्पेशल, काका. अर्धा पेन्शनमधून वळता होत जाईल. तो फिटला की उरलेले पैसे देऊन खातं बंद. तुम्ही मोकळे, आम्ही मोकळे.”

यमुनाने माझ्याकडे पाहिलं. तिच्या डोळ्यांत अख्ख्या वर्षाचा थकवा होता. “लावून टाका ना,” ती हळू म्हणाली. “सुटू एकदाचं. माझी किती रोजी बुडाली.”

मी कागद वाचायला घेतला. मी माझ्या स्वखुशीने. कोणत्याही दबावाशिवाय. माझ्या खात्यात जमा होणाऱ्या शासकीय अनुदानातून बँकेचे येणे वळते करून घेण्यास संमती देत आहे. याबाबत माझी कोणतीही तक्रार नाही व भविष्यात राहणार नाही.

माझी तक्रार नाही. हे वाक्य मी ओळखत होतो. गेटवर ऐकलं होतं.

“साहेब,” मी म्हणालो, “पण माझी सही जुळत नाही ना.”

“सही कशाला? डावा अंगठा लावा. साक्षीदाराचं मी बघतो.” आणि त्याने ड्रॉवरमधून शाईची डबी काढली, झाकण उघडलं आणि माझ्या डाव्या हाताजवळ अलगद ठेवली.

जांभळी शाई. ताजी. मध्ये अंगठ्याएवढा खळगा.

केबिनमधला पंखा, बाहेरच्या नोटा मोजायच्या मशीनची घरघर, सगळं ऐकू येत होतं. वर्षभर मी हाच अंगठा पुढे केला होता. माझे पैसे द्यायला तो चालत नव्हता. खातं बंद करायला चालत नव्हता, सही बदलायला चालत नव्हता. रेकॉर्डला मी शिकलेला होतो. आणि त्यांनी घ्यायचं म्हटल्यावर तोच अंगठा एका झटक्यात चालायला लागला. शिकलेला माणूस एका चहात अंगठेबहाद्दर झाला.

आणि दुसरं. हा विचार मला आधी सुचायला हवा होता, पण केबिनमध्येच सुचला. ह्यांना माझे पैसे कापायचा हक्क असता तर ह्यांनी माझ्यापुढे कागद ठेवला असता का? इतके महिने विचारलं नाही. आता तहसीलचं पत्र आल्यावर चहा पाजून विचारतात. हक्क असलेला माणूस परवानगी मागत नाही. ह्यांना माझी परवानगी लागते, म्हणजे आजवर घेतलं ते परवानगीशिवाय घेतलं. आमच्यात परवानगीशिवाय घेण्याला जे म्हणतात तेच मी मनात म्हटलं.

माझ्या बापाने निदान उचल घेतली होती. पैसा हातात घेतला, मग अंगठा दिला. मी काय घेतलं ह्यांच्याकडून? एक रिकामं खातं. रिकामं ठेवल्याचा दंड. आणि माझी पेन्शन ह्या पोराच्या तोंडी फुकटचा पैसा. त्या पैशासाठी मी एक अंगठा आणि दोन बोटं ठेवून आलोय, त्या कारखान्याच्या भंगारात. ह्यापेक्षा महाग पैसा ह्या शाखेत दुसऱ्या कोणाचा असेल तर त्याने समोर यावं.

“लावताय ना, काका?”

मी साहेबाच्या खिशाला अडकवलेलं पेन मागितलं. त्याला वाटलं, सही करतोय. खुशीने दिलं. मी कागद उजव्या हाताच्या दोन बोटांखाली धरला आणि छापलेल्या मजकुराच्या खाली डाव्या हाताने लिहायला लागलो. एक-एक अक्षर. ‘म’ची गाठ दोनदा सुटली. माझ्या कपाळावर घाम आला. साहेब घड्याळ बघत होता. मी घाई केली नाही. मराठीत, कोंबडीच्या पायांनी, लिहिलं:

मला हे मान्य नाही. माझी संमती नाही. कापलेले पैसे परत द्या.

खाली नाव लिहिलं. रेघ मारली नाही, टिंबं दिली नाहीत. ती जुनी सही गेली. ही नवी.

साहेबाने कागद वाचला आणि त्याच्या तोंडावरून ‘काका’ पुसला गेला.

“हे काय केलंस? कागद खराब केलास.”

“माझं म्हणणं आहे ते. शिक्का मारून पोहोच द्या.”

“असं काही नसतं. हे बघ, ऑफर आजचीच आहे. उद्या मी पूर्ण दंड वसूल करणार. मग रडत येऊ नकोस.”

“रडत नाही येणार,” मी म्हणालो. “पण येणार.”

तो यमुनाकडे वळला. “वहिनी, तुम्ही समजवा ह्यांना. तुमचंच नुकसान आहे.”

मला तिची भीती वाटली, खरं सांगतो. साहेबाची वाटत नव्हती तेवढी. रोजी तिची बुडत होती. घर ती चालवत होती. ती परत म्हणाली असती की लावा, तर मी काय केलं असतं, माहीत नाही. तिने कागदाकडे पाहिलं. तिला वाचता येत नाही. मग तिने हात पुढे केला, शाईच्या डबीचं झाकण उचललं आणि डबी बंद केली. टक्क आवाज झाला.

“शिक्का द्या, साहेब,” ती म्हणाली. “आमी बसतो हितंच.”

शिक्का मिळाला नाही. आम्ही केबिनबाहेरच्या बाकावर बसलो. वॉचमन दोनदा येऊन गेला आणि दोन्ही वेळा आम्हाला न उठवता गेला. बाकावर आमच्या शेजारी एक म्हातारी होती, पासबुक कमरेला खोचून. केबिन काचेची, पण आवाज बाहेर येत असावा. तिने मला कोपराने ढोसलं.

“माजा बी पगार खात्यात येतो आन् कापून जातो, बाबा. इचारलं तर हाकलत्यात. मला बी लिवून दे.”

मी साहेबाचं पेन अजून परत दिलं नव्हतं. तिच्यासाठी लिहिलं. जितका वेळ लागायचा तितका लागला. लिहून झाल्यावर तिने लगेच अंगठा पुढे केला, सवयीने. मी म्हणालो, “आजी, आधी ऐक.” तिला मोठ्याने वाचून दाखवलं. रांगेतल्या लोकांनीही ऐकलं, मी काय आवाज हळू ठेवला नव्हता. “कळलं?” “कळलं.” “हे तुझंच म्हणणं हाय?” “माजंच हाय.” मग यमुना उठली, केबिनमध्ये गेली आणि ती शाईची डबी घेऊन आली. म्हातारीने अंगठा लावला.

बँकेने शिक्का मारला नाही म्हणून दोन्ही कागद आम्ही पोस्टाने रजिस्टर पाठवले. पोस्टाला पोहोच द्यावीच लागते.

पैसे अजून आलेले नाहीत. सगळं फिटून गोड झालं असं कोणी समजू नये. ह्या महिन्यातही पगार आला आणि कापून गेला. फळीवर अजून यमुनाच नाणी ठेवते आणि ती उचलताना मला अजून तसंच वाटतं. साहेब मला बघून आता हसत नाही. नजर वळवतो. तेवढ्याने माझं पोट भरत नाही.

पण पगाराच्या तारखेला मी त्या बँकेच्या पायरीवर असतो. डाव्या हाताने लिहितो. ज्याला पाहिजे त्याला लिहून देतो, पण वाचून दाखवल्याशिवाय कोणाचा अंगठा कागदाला लागू देत नाही. साहेब वॉचमनला सांगतो, उठव. वॉचमन म्हणतो, पायरी रस्त्यावर आहे, साहेब. माझा स्वतःचा कागद दर महिन्याला जातो, मजकूर तोच. पेन तेच. तेही मी परत दिलेलं नाही. त्यांच्याकडे माझं जे आहे ते आधी यावं, मग पेन.

माझा एक अंगठा मशीनखाली गेला. दुसरा दवाखान्यात माझ्या हातून ओढून घेतला. एकदा. आता तो माझ्या मागणीखाली उठेल, नाहीतर कोरडा राहील. त्यांच्या शाईत बुडणार नाही.